डावीकडे, थोडं मागे

१

दुपारचं जेवण आटोपलं की भोजराज घर गप करायला घ्यायचा.

रोजचाच क्रम होता. हात पुसत तो आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे जायचा, मागचा सेल काढायचा आणि घड्याळाला दोन थापट्या देऊन म्हणायचा, "तू गप." मग फ्रिजची पिन उपसायची. "तूबी गप." मग पंखा, मग खिडक्या. कामिनी ताटं उचलता उचलता हे पाहायची. लग्न होऊन आली तेव्हा तिला याचं हसू यायचं. आता ताटं मुद्दाम आपटावीशी वाटायची. पण तसं केलं की कोपऱ्यातल्या खोलीतून "कामिनी, भांडे" अशी हाक यायची, गाणं पुन्हा पहिल्यापासून लागायचं आणि दुपार आणखी लांबायची.

अड्याळच्या बाजाररस्त्यावर भोजराजचं धानाचं दुकान होतं आणि ते बरं चालायचं. गावात त्याला कुणी वाईट म्हणत नव्हतं, नुसतं सरकलेला म्हणायचे. गावाचं तरी काय चुकलं म्हणा. माणसाच्या उंचीचे दोन काळे स्पीकर गाडीतून उतरले तेव्हा लोकांना वाटलं, याने डीजेचा धंदा काढला. वरातीसाठी विचारायला दोघं-तिघं आलेसुद्धा. आवाज एवढा हळू की शेजारच्या घरातही जात नाही हे कळल्यावर ते हिरमुसून परत गेले. मग भोजराजने अंगणात खड्डा खणला आणि त्यात तांब्याचा पत्रा, कोळसा आणि मीठ पुरलं. अर्थिंग पक्कं असलं की करंट साफ येतो, करंट साफ आला की आवाज साफ येतो, असं त्याचं म्हणणं. त्या खड्ड्यात तो रोज सकाळी तांब्याभर पाणी ओतायचा. शेजारच्या ताराबाईने ते कुंपणावरून पाहिलं आणि संध्याकाळपर्यंत अर्ध्या गावाला कळलं की भोजराजने अंगणात काहीतरी पुरलंय आणि तो त्याला पाणी पाजतो.

आवाज घुमू नये म्हणून खोलीच्या भिंतींना धानाच्या कोंड्याची पोती रचलेली. वायर फरशीला टेकू नये म्हणून दिवाळीच्या पणत्या पालथ्या मांडून त्यांच्यावरून नेलेली. बंद खोली, भरदुपार आणि पणत्यांची रांग. यावर ताराबाईला पदरचं काही घालावं लागलं नाही.

"का करते वो तुहा नवरा आतमंधी?" बाया कामिनीला विचारायच्या.

"गाणे ऐकते."

"बस, तेवढंच?"

हे 'तेवढंच' तिला फार लागायचं. ती खोली मुळात तिच्यासाठी बांधली होती. कामिनीला शिलाईचे क्लास घ्यायचे होते, गावातल्या पोरी नाव नोंदवून गेल्या होत्या, मशीनही माहेराहून आली होती. स्पीकर आले ते "थोडे दिवस ठेवतो" म्हणून आले. मशीन पडवीत गेली, पोरी दुसरीकडे शिकायला गेल्या, आणि खोलीचा विषय काढला की भोजराज म्हणायचा, "हे गाणं होऊन जाऊ दे." एकेका गाण्यात तिचं एकेक वर्ष गेलं.

२

करडीहून तिचा भाऊ देवानंद आला होता. भोजराजने त्याला मोठ्या कौतुकाने आत नेऊन एकुलत्या एका खुर्चीवर बसवलं.

"डोळे मिट. हे पाय, गाणारी इथं मधात बसली. तबला उजवीकडे. तंबोरा तिच्या मागं. दिसून राहिले का?"

देवानंदने इमानदारीत डोळे मिटले, थोडा वेळ बसला आणि म्हणाला, "भाऊजी, मोबाइलवरबी असंच वाजते."

भोजराजचा चेहरा उतरला. कामिनीला दारात उभ्याउभ्या हसू आलं, आणि लगेच त्याची कीवही आली. देवानंद गेल्यावर भोजराजने स्पीकर भिंतीपासून वीतभर पुढे ओढले, पुन्हा मागे सारले, पुन्हा जरासे पुढे घेतले आणि म्हणाला, "आता तू बस. तूच सांग."

ती बसली. तो इतक्या आर्जवाने क्वचितच बोलायचा, आणि याच्या आवडीचं काही केलं तर कदाचित हाही आपलं ऐकेल असं तिला वाटलं. एका जुन्या गायिकेची रेकॉर्ड होती. सुई टेकली, थोडी खरखर झाली, तंबोरा सुरू झाला. बाई अजून गायला लागायची होती, तेवढ्यात कामिनीला स्पष्ट ऐकू आलं.

"शू."

तोंडावर बोट ठेवून कुणी लहान पोराला गप करतं तसं. डावीकडून आलं, गाणारीच्या थोडं मागून.

"हे कोण होये?"

भोजराज उडालाच. "तुलेबी आलं? आतापर्यंत ह्या रेकॉर्डमंधी असं काही नव्हतं. म्हणजे स्पीकर बरोबर जागी बसले." तो एवढा खूश झाला की त्याने तिचा हात हातात घेतला. हे बऱ्याच दिवसांनी झालं होतं, म्हणून तिने पुढे काही विचारलं नाही.

गाणं संपल्यावर तिने घड्याळात सेल घातला. काटे फिरायला लागले. टिकटिक मात्र येत नव्हती. जुनं घड्याळ, म्हणून तिने सोडून दिलं.

३

पुढच्या काही दिवसांत फ्रिजचा आवाजही गेला.

पाणी गार व्हायचं, बर्फ जमायचा, मागचा भाग हाताला गरम लागायचा, पण घरघर बंद. पंख्याचंही तेच. पाती फिरायची, वारा यायचा, आणि इतकी वर्षं कुरकुरणारा पंखा मिटल्या तोंडाने फिरायचा. ताराबाई येऊन म्हणाली, "बाई, तुह्या घरी किती शांत वाटते वो." कामिनीने तेच खरं मानलं. वस्तू आवाज करत नाहीत ही तक्रार कुणाकडे करायची? मेकॅनिकला काय सांगायचं, फ्रिज नीट चालतो म्हणून दुरुस्त कर?

पण दुपारी खोलीजवळून जाताना तिने गाण्याच्या आत घड्याळ ऐकलं.

ती थबकली. गाणारीचा आवाज खाली येऊन थांबायचा आणि त्या मोकळ्या जागेत टिक, टिक, टिक. तिसऱ्या ठोक्याला जरासं अडखळणं. तिच्या घरच्या घड्याळाची ही जुनी खोड होती. तिने स्वतःला समजावलं, जिथं गाणं भरलं तिथंही एखादं घड्याळ असेल, आणि घड्याळं काय, सगळी सारखीच. मग त्याच्याखालून बारीक घरघर आली आणि पंख्याची कुरकुर आली. तिने दार लोटून आत डोकावलं.

"ह्यात पंखा वाजून राहिला," ती म्हणाली.

"हो ना," भोजराज डोळे मिटूनच म्हणाला. "अख्खी खोली उभी राहते डोळ्यांसमोर. कोणी बसलंबी आहे तिथं. डावीकडे, थोडं मागे. तुह्या मशीनचा आवाज येते पडवीतून, तो तेवढा बंद ठेव."

"दुपारीच वेळ भेटते मले. लोकांचे ब्लाउज पडून आहेत."

"थोडे दिवस."

तो उठला, पडवीत गेला, मशीनवर कव्हर घातलं आणि दोन थापट्या दिल्या. "तू गप."

दुसऱ्या दिवशी सकाळी, तो दुकानात गेल्यावर, तिने कव्हर काढलं आणि पाय मारला. चाक फिरलं, सुई खालीवर झाली, टाके पडत गेले. आवाज नव्हता. तिने तेल घातलं, बॉबिन काढून पाहिली, मुद्दाम रिकामी मशीन जोरात पळवली. माहेरी असताना ह्याच मशीनच्या खडखडीवर तिचे वडील ओरडायचे. आता ती नुसती हलत होती. कामिनी उठून अंगणात, उन्हात जाऊन उभी राहिली.

भोजराज जेवायला आला तेव्हा तिने सगळं सांगितलं. घड्याळ, फ्रिज, पंखा, मशीन, एकेक करून. तो भाताचा घास थांबवून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "मंग बरं झालं ना. आता हे सगळं बंद करायची गरज नाही."

तिला रडू आलं नाही, संताप आला. एका वायरीने आवाजात किती फरक पडतो हे या माणसाला कळायचं, आणि बायको घाबरली आहे हे तिच्या आवाजावरून कळत नव्हतं.

"मले ती खोली पायजे," ती म्हणाली. "ते डबडे बाहेर काढा."

"देतो. एक काम कर, मंग देतो."

४

काम असं होतं की तिने बांगड्या काढायच्या.

ती घरात वावरली की किणकिण होते, ती भिंतीतून आत येते, आणि नेमकं त्या मागे बसलेल्या बाईचं काही ऐकू येत नाही. आता तो तिला बाईच म्हणत होता. "एकडाव. एकच दुपार. मले ती पूर्ण ऐकू दे, मंग खोली तुही."

चांगल्या घरचा, शिकलेला, दारू न पिणारा माणूस. आपण काय मागतोय हे त्याला कळतच नव्हतं. जिता नवरा समोर असताना बाईने हात भुंडे करायचे, ही गोष्ट गावात कुणी थट्टेतही बोललं नसतं.

"तुमी जिते आहा ना?" तिने विचारलं.

"कायले असं बोलतेस? आवाज होते म्हणून म्हटलं."

तिने बांगड्या काढल्या. खोली मिळेल म्हणून काढल्या, आणि थोड्या चिडूनही काढल्या, की बघ, हेही केलं. साबण लावून एकेक हिरवी बांगडी उतरवली आणि वाटीत ठेवली. भोजराजने वाटीवर फडकं घातलं. काय म्हणाला ते तिने ऐकलं नाही, पण थापट्या मारलेल्या दिसल्या.

तेवढ्यात ताराबाई विरजण मागायला आली. तिने कामिनीच्या मनगटांकडे पाहिलं, बंद खोलीकडे पाहिलं, आणि विरजण न घेताच निघून गेली.

खोलीत गाणं सुरू झालं. कामिनी दाराशी उभी होती. "शू" आलं. घड्याळ आलं, पंखा आला. दूर कुठेतरी शिलाईची मशीन चालायला लागली, थांबली, पुन्हा चालली. आणि मग डावीकडून, थोडं मागून, किणकिण. कुणी हात उचलला, केस सारखे केले आणि हात मांडीवर ठेवला, एवढं स्पष्ट.

भोजराजचा चेहरा फुलला होता. "आली," तो म्हणाला. "समोर सरकली आज."

कामिनीची नजर स्पीकरच्या मधल्या सतरंजीवर गेली. ती सतरंजी रोज सकाळी तीच झटकून, ताणून घालायची. तिच्यावर डावीकडे एक खळगा पडला होता. मांडी घालून कुणी बसलं की पडतो तेवढा.

तिने धावत जाऊन वाटीतल्या बांगड्या हातात चढवल्या. घाईत एक फुटली आणि काच मनगटात गेली. फुटतानाही आवाज झाला नाही. तिने दोन्ही हात झटकले, एकमेकांवर आपटले. काही नाही.

५

"तुमाले माह्या बांगड्या वळखू येत नाही?"

ती खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली होती. मनगटातून रक्त आलं होतं. रेकॉर्ड फिरतच होती.

"समोरून सरक, आवाज अडते."

"त्या माह्या आहेत. ती मशीन माही आहे. घड्याळ आपलं आहे. घरातलं एकेक उचलून तिथं नेऊन राहिलं कोणी, अन तुमी इथं बसून वाहवा करून राहिले. मले तरी वळखता का तुमी? मी आतून बोलली तर वळखाल? का म्हणाल, वा, का साफ आवाज आला?"

"कामिनी, सरक ना."

"नाही सरकत. आज ऐका मले. गाण्याले दिली तेवढी दुपार मले द्या."

भोजराजने डोळे उघडले नाहीत. तो रागावलाही नव्हता. खुर्चीच्या हातावरून त्याचा उजवा हात उठला, थापटायला निघालेला, आणि तिच्या दिशेने आला. रोज घड्याळाला द्यायच्या त्याच दोन थापट्या. त्याचं तोंड उघडत होतं. पुढचा शब्द कोणता येणार हे तिला ठाऊक होतं. लोक पुढे तिला म्हणाले की तू संतापात होतीस, आणि ती हो म्हणाली. पण संताप किती आणि भीती किती, हे तिचं तिलाही कधी सांगता आलं नाही.

तिने त्याचा हात धरला, दुसऱ्या हाताने त्याच्या खांद्यावर दोन थापट्या मारल्या आणि म्हणाली, "तुमीच गप."

गाणारी मधेच थांबल्यासारखी वाटली. डावीकडून, आता मागून नाही तर अगदी जवळून, "शू" आलं.

भोजराजने डोळे उघडले. त्याचे ओठ हलले. त्याने गळ्याला हात लावला, खाकरायचा प्रयत्न केला, उठून उभा राहिला. खुर्ची मागे फरशीवर पडली ती दणकन वाजली. तो दाराकडे धावला, पण त्याच्या पावलांचा आवाज झाला नाही.

६

भंडाऱ्याला दाखवलं, नागपूरला दाखवलं. गळा चांगला आहे, धक्का बसला असेल, येईल आवाज, असं सगळे म्हणाले. भोजराज पुन्हा दुकानात जायला लागला. भाव बोटांनी सांगायचा. गावाला फारसं नवल वाटलं नाही. बंद खोलीत पणत्या लावणाऱ्या माणसाचं असंच काहीतरी होणार, हे ताराबाईने आधीच सांगून ठेवलं होतं. खोलीत मात्र त्याने पुन्हा पाऊल टाकलं नाही. दुपारी तो अंगणात त्या खड्ड्याजवळ बसून राहायचा, आणि कामिनी जवळ गेली की तिच्या तोंडाकडे टक लावून पाहायचा. आता तो तिचं सगळं ऐकायचा. तिला हेच हवं होतं, आणि आता त्याचा काय उपयोग, असं वाटून तिला त्याचाही राग यायचा.

खोली तिची झाली. तिने मशीन आत आणली. पोती काढायला सुरुवात केली. मग म्हटलं, स्पीकर विकायचे तर ते चालतात की नाही एकदा पाहावं. जेवण झाल्यावर रेकॉर्ड लावली आणि खुर्चीवर बसली.

घड्याळ, फ्रिज, पंखा, मशीन, बांगड्या. आणि डावीकडे, थोडं मागे, भोजराज.

तो काही सांगत होता. हळू, भराभर, कुणाला कळू नये अशा बेताने. मधेच "कामिनी" आलं. लग्नाच्या पहिल्या वर्षी अंधारात हाक मारायचा तसं. पुढचे शब्द कोंड्यात पाय बुडावा तसे आत जात होते. वाक्य अर्धं व्हायचं की कुणीतरी त्याला "शू" करायचं आणि तो गप व्हायचा. थोड्या वेळाने पुन्हा सुरू करायचा.

तिने काढलेली पोती परत रचली. स्पीकर जरा पुढे घेतले. एक पणती फुटली होती, ती बदलली. रोज थोडं जास्त ऐकू यायला लागलं. एकदा "इथं" आलं, एकदा "नोको येऊ" आलं, किंवा "नोको जाऊ", ते नीट लागलं नाही. तेवढंच तिला नीट ऐकायचं होतं. पडवीतला नळ थेंब थेंब गळायचा, तो तिने चिंधी बांधून बंद केला. कुंपणावर ताराबाई बायांना सांगत असायची, "आता बाईलेबी लागलं."

देवानंदने घरी काय सांगितलं कोण जाणे, करडीहून तिची आई रुखमिणीबाई आली. दुपारची बस, डोक्यावर ऊन, पिशवीत लेकीसाठी नवे पोहे. तिने अंगणात बसलेल्या जावयाकडे पाहिलं, मान हलवली आणि आत आली. कामिनी खुर्चीवर होती, डोळे मिटलेले.

"हे का करून ठेवलं वो माय तू?" रुखमिणीबाई तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली. हातभर बांगड्या कानाशी वाजल्या. "किती वाळली. चाल माह्यासंगं चार दिवस. तुहे बाबा रोज वाट पायतेत."

भोजराज बोलत होता. आज वाक्य पुढे जात होतं. कामिनीने आईचं मनगट घट्ट धरलं, तरी किणकिण थांबेना.

"माय," ती म्हणाली, "तुह्या बांगड्या काढून ठेव ना जराशा."

"का म्हणतेस तू? अवं, तुहे बाबा..."

"एकडाव. थोडा वेळ गप राहू दे बांगड्याईले."

रुखमिणीबाईने लेकीच्या तोंडाकडे पाहिलं. पोरीचं डोकं ठिकाणावर नाही, आता हिच्या मनासारखं करावं आणि संध्याकाळच्या बसने हिला घेऊन जावं, एवढंच तिच्या चेहऱ्यावर होतं. तिने खाली सतरंजीवर बसकण मारली, पदराने डोळे पुसले आणि पहिली बांगडी फिरवून फिरवून उतरवायला लागली. ती डावीकडे बसली होती, थोडी मागे.

नको म्हणायला हवं होतं. शब्द कामिनीच्या तोंडाशी आलाही. पण तेवढ्यात तिकडून त्याने पुन्हा तिचं नाव घेतलं, आणि तिने आईच्या हातावर हलकेच दोन थापट्या दिल्या.